आवाजावर चालणारी घरगुती उपकरणं: विकत घेण्याआधी घरात कशी पारखायची

वॉशिंग मशिनला दुसऱ्या खोलीतून "सुरू हो" म्हणता येतं, हे जाहिरातीत छान दिसतं. प्रत्यक्षात कपडे टाकायला, साबण घालायला आणि झाकण लावायला मशिनपाशी जावंच लागतं, आणि तिथे गेल्यावर बटण हाताशीच असतं. बोलून काहीच वाचलं नाही. याउलट रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर बाहेरच्या खोलीतला दिवा चालूच राहिल्याचं लक्षात येतं, तेव्हा एका वाक्यात तो बंद करता येणं ही खरी सोय आहे. आवाज तोच, आपली आज्ञा ऐकणारा स्पीकरही तोच. फरक आहे तो कामात.

म्हणून ही उपकरणं कामाची असतात का, या प्रश्नाला मी सरसकट हो किंवा नाही म्हणत नाही. ज्या कामात आपले हात, पाय किंवा डोळे अडकलेले असतात आणि जे काम नुसतं सांगितल्यावर पूर्ण होतं, तिथे आवाजाला तोड नाही. बाकी ठिकाणी साधं बटण, टायमर किंवा सेन्सर जास्त भरवशाचा असतो. तुमच्या घरात कोणती कामं कुठे बसतात ते शोधायची रीत खाली क्रमाने सांगते.

पायरी १: आधी आठवडाभर वही ठेवा

काहीही विकत घेण्यापूर्वी सात दिवस एक कागद स्वयंपाकघरात आणि एक पलंगाजवळ ठेवा. "आत्ता हे कुणीतरी करून दिलं असतं तर बरं झालं असतं" असं वाटलं की लगेच लिहा: काय करायचं होतं, तुम्ही कुठे होता आणि कशामुळे अडलं. हात पिठात होते, बाळ मांडीवर झोपलं होतं, गुडघा दुखत होता, चष्मा सापडत नव्हता, असं स्पष्ट लिहा. घरातल्या प्रत्येकाला लिहायला सांगा. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांना रात्री विचारा.

नुसता आळस असेल तर तोही नोंदवा, पण त्यापुढे "आळस" असंच लिहा. आळसापोटी घेतलेली वस्तू महिन्याभरात कोपऱ्यात जाते. अडचणीपोटी घेतलेली वस्तू टिकते.

पायरी २: प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: नुसतं सांगून हे काम संपतं का? दिवा, पंखा, एसी, पडदे, टीव्हीचा आवाज आणि स्वयंपाकघरातला टायमर यांचं काम सांगितलं की संपतं. मायक्रोवेव्ह, ओव्हन, वॉशिंग मशिन आणि डिशवॉशर यांचं संपत नाही, कारण आत काहीतरी ठेवायला जावंच लागतं. फ्रिज तर चोवीस तास चालूच असतो, त्याला सांगायचं काय? वॉशिंग मशिन "स्मार्ट" असण्याचा खरा फायदा वेगळा आहे: धुणं झाल्याची सूचना फोनवर येते. ती हवीच असेल तर घ्या, पण तिचा तुमच्या आवाजाशी संबंध नाही.

दुसरा प्रश्न: हे काम रोज ठरलेल्या वेळी किंवा ठरलेल्या कारणानेच होतं का? तसं असेल तर बोलायची गरजच नाही. गिझर पहाटे लावायचा असेल तर वेळापत्रक लावा. जिन्यातला दिवा माणूस आल्यावर लागायचा असेल तर हालचाल ओळखणारा सेन्सर बसवा. फरशी झाडणाऱ्या रोबोलाही वेळ ठरवून देणं सोपं. आवाज त्याला मध्येच थांबवायला कामी येतो, म्हणजे फोन वाजल्यावर किंवा पाहुणे आल्यावर. माझ्या स्वतःच्या वहीतल्या कितीतरी नोंदी या प्रश्नाने गळाल्या. जे रोज न चुकता सांगावं लागतं, ते सांगायची वेळच येऊ न देणं जास्त चांगलं.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: हे चुकून सुरू झालं, किंवा बंद व्हायचं राहिलं, तर काय होईल? दिवा चुकून लागला तर काही बिघडत नाही. खोली तापवणारा हीटर, इस्त्री किंवा शेगडी कुणाचं लक्ष नसताना सुरू झाली आणि वर कपडा पडलेला असला तर आग लागू शकते. म्हणून तापणारं कोणतंही उपकरण, ज्याच्यासमोर आपण उभे नाही, ते आवाजाने सुरू करायचं नाही. बंद करण्यापुरता आवाज वापरायला हरकत नाही. बऱ्याच ओव्हन आणि वॉशिंग मशिनमध्ये लांबून सुरू करायची सोय असली तरी प्रत्येक वेळी आधी यंत्राजवळ जाऊन एक बटण दाबावं लागतं. त्यामागे हीच काळजी असते, त्याला उणीव समजू नका.

हे स्पीकर बाहेरच्या आवाजालाही फसतात. २०१७ साली बर्गर किंगने टीव्हीवर अशी जाहिरात दाखवली, की तिच्यातलं वाक्य ऐकून लोकांच्या घरचे गूगल होम स्पीकर जागे झाले आणि बोलू लागले. तिथे फक्त माहिती वाचली गेली. हीटर जोडलेला असता तर?

पायरी ३: आपला शब्द कुठे जाऊन येतो ते समजून घ्या

स्पीकर सतत ऐकत असतो, पण सुरुवातीला फक्त एकाच गोष्टीसाठी, त्याच्या हाकेच्या शब्दासाठी. ती हाक ओळखायचं काम स्पीकरच्या आतच होतं. हाक ऐकू आली की पुढचं बोलणं बहुतेक वेळा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे, म्हणजे लांबच्या मोठ्या संगणकाकडे, जातं. तिथे आवाजाचे शब्द होतात आणि शब्दांतून अर्थ काढला जातो. मग बल्ब बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला निरोप जातो आणि तिथून आज्ञा तुमच्या राउटरमार्गे बल्बपर्यंत येते. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला शब्द एवढी वाट चालतो. यातली एक कडी जरी तुटली तरी दिवा लागत नाही, आणि इंटरनेट गेलं की घरात वीज असूनही स्पीकर दिलगिरी व्यक्त करत बसतो.

यावर उपाय आहे. आज्ञेचा दुसरा टप्पा, म्हणजे स्पीकरपासून उपकरणापर्यंतचा, घरातल्या घरात ठेवता येतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर नावाच्या मानकाची, म्हणजे उपकरणांनी एकमेकांशी बोलायच्या सामाईक नियमांची, पहिली आवृत्ती आली. ॲपल, गूगल, ॲमेझॉन आणि सॅमसंग या कंपन्यांनी मिळून ते उचलून धरलं. मॅटरचं चिन्ह असलेली वस्तू वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रणांना जोडता येते, आणि तिची आज्ञा घरच्या नेटवर्कवरूनच फिरते. आवाज समजून घ्यायला मात्र बहुतेक स्पीकरना तरीही इंटरनेट लागतं. तेही घरातच हवं असेल तर होम असिस्टंट ही कुणालाही फुकट वापरता येणारी मुक्त प्रणाली आहे. तिच्यात बोलणं ओळखण्यापर्यंतचं सगळं घरातल्या छोट्या संगणकावर करता येतं. ते उभं करायला वेळ आणि हौस दोन्ही लागतं. घरात कुणाला संगणकाची आवड नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

विकत घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: "इंटरनेट नसताना हे चालतं का?" उत्तर गुळमुळीत आलं तर नाही असं धरा.

पायरी ४: हे नेमकं कोणासाठी घेतोय?

हे मी जरा थांबून सांगणार आहे, कारण या बाबतीत आमची चूक झाली होती. बाबांना पार्किन्सन्स आहे. हाताच्या कंपामुळे त्यांना रात्री दिव्याचं बटण सापडत नसे, म्हणून आम्ही हौसेने त्यांच्या पलंगाजवळ स्पीकर आणून ठेवला. दिवसा सगळं नीट चाललं. रात्री मात्र त्यांचा आवाज इतका खोल जाई की स्पीकरला हाकच ऐकू येत नसे. ते दोनदा, तीनदा म्हणत, मग गप्प अंधारात बसून राहत. आम्हाला हे कळलं तब्बल दोन आठवड्यांनी, कारण त्यांनी तक्रार केली नाही. त्यांना वाटलं, आपल्यालाच नीट बोलता येत नाही.

या आजारात आवाज हळू आणि सपाट होतो, हे डॉक्टरांना नेहमीचंच आहे. आम्ही ते आधी विचारायला हवं होतं. शेवटी त्यांच्या उशाशी बॅटरीवर चालणारं एक मोठं बिनतारी बटण चिकटवलं. ते त्याच दिव्याला जोडलेलं होतं. त्यावर पंजा पडला की दिवा लागतो.

तेव्हा ज्याच्यासाठी घेताय, त्याचा आवाज आधी तपासा. फोनमधला आवाजी मदतनीस फुकट असतो. त्या व्यक्तीला पलंगावर आडवं होऊन, रात्रीच्या दमलेल्या आवाजात, दात काढून ठेवत असतील तर काढून, दहा वाक्यं बोलायला सांगा. फोन हातभर लांब ठेवा, कारण खरा स्पीकर तोंडाजवळ नसतो. दहातली नऊ वाक्यं नीट समजली तर पुढे जा. सहाच समजली तर बटणाचा विचार करा.

उच्चारांचाही प्रश्न आहे. २०२० साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच मोठ्या कंपन्यांच्या आवाज ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या अमेरिकी लोकांच्या बोलण्यात त्या सरासरी १९ टक्के शब्द चुकत होत्या, तर कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांच्या बोलण्यात ३५ टक्के. दोन्ही गटांची भाषा इंग्रजीच होती. यंत्राने ज्यांचं बोलणं जास्त ऐकलंय त्यांचंच ते नीट समजतं. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे बोलणं वेगळं झालेल्यांचे आवाज गोळा करायला २०२२ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने प्रकल्प सुरू केला. मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या त्याला मदत करत आहेत, त्यामुळे यात सुधारणा होत जाईल. खरेदी मात्र आजच्या क्षमतेवर करायची असते.

दृष्टी गेलेल्या माणसाला, कमरेखाली हालचाल नसलेल्याला किंवा संधिवाताने बोटं वाकलेल्याला याच उपकरणांनी केवढं स्वातंत्र्य मिळतं! पंखा कमी करायला दर वेळी कुणाला हाक मारावी लागत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. अशा घरात बाकीचे सगळे हिशेब मी बाजूला ठेवते.

पायरी ५: बल्ब, स्विच की प्लग?

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते इथे.

स्मार्ट बल्ब बसवायला सोपा, पण भिंतीवरचं बटण कुणी बंद केलं की त्याची वीज तुटते आणि तो हाकेला ओ देत नाही. चार माणसांच्या घरात कुणीतरी ते बटण बंद करणारच. म्हणून स्मार्ट बल्ब टेबलावरच्या दिव्याला ठीक. खोलीच्या मुख्य दिव्याला आणि पंख्याला स्मार्ट स्विच, किंवा जुन्याच बटणामागे बसणारा छोटा रिले (लांबून चालू-बंद करता येणारा खटका) घ्यावा. त्यात भिंतीवरचं बटणही चालतं आणि आवाजही. ज्यांना बोलायचं नाही त्यांचं काही अडत नाही.

पण त्याआधी स्विचबोर्ड उघडून बघायला लागेल. बहुतेक स्मार्ट स्विचना स्वतः जागं राहायला थोडी वीज सतत लागते, आणि त्यासाठी बोर्डात न्यूट्रल (वीज परत नेणारी) वायर हवी. जुन्या वायरिंगमध्ये बोर्डापर्यंत नुसती फेज (वीज आणणारी वायर) आणलेली असते. न्यूट्रलशिवाय चालणारे स्विचही मिळतात. ते दिव्यातूनच बारीकसा प्रवाह सोडतात, त्यामुळे कमी वॅटचे एलईडी दिवे बंद असतानाही मिणमिणू शकतात. हे काम वायरमनकडूनच करून घ्या आणि खरेदीच्या आधी त्याला बोर्ड दाखवा.

स्मार्ट प्लग भिंतीतलं सॉकेट आणि उपकरणाची पिन यांच्या मध्ये बसतो; तो घेताना त्यावरचा अँपिअरचा आकडा वाचा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. २३० व्होल्टवर १० अँपिअरचा प्लग २३०० वॅटपर्यंत जातो, १६ अँपिअरचा ३६८० वॅटपर्यंत. अमेरिकेसारख्या १२० व्होल्टच्या देशात १५ अँपिअर म्हणजे १८०० वॅट. तासन्‌तास चालणाऱ्या उपकरणासाठी या आकड्याच्या ८० टक्क्यांच्या आतच राहावं. म्हणजे २००० वॅटचा गिझर १० अँपिअरच्या प्लगवर कागदोपत्री बसतो, पण लावू नये. मोटर असलेली उपकरणं सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतात, तेही ध्यानात ठेवा.

प्लगची आणखी एक मेख आहे आणि ती खोक्यावर कुणी लिहीत नाही. ज्या उपकरणाला खटका असलेलं जुनं बटण असतं, ते चालू अवस्थेत ठेवून प्लगने चालू-बंद करता येतं. ज्याला नाजूक टचचं बटण असतं, ते वीज गेली की सगळं विसरतं आणि वीज आल्यावर बोटाची वाट बघत बसतं. अशा उपकरणाला स्मार्ट प्लग लावून ते फक्त बंद करता येतं. तपासणी अगदी सोपी आहे: उपकरण चालू करा, भिंतीवरचं मुख्य बटण बंद करा, दहा सेकंदांनी पुन्हा लावा. उपकरण आपोआप सुरू झालं तर प्लग चालेल.

रिमोटवरच्या एसीसाठी किंवा पंख्यासाठी इन्फ्रारेड किरण सोडणारी छोटी डबी मिळते. ती रिमोटची नक्कल करते आणि जुना एसीही आवाजावर चालवते. ती स्वस्त आणि मस्त सोय आहे, फक्त तिला उत्तर ऐकू येत नाही. एसी खरंच लागला की नाही हे तिला कळत नाही. चालू आणि बंद एकाच बटणावर असेल तर ती उलटंही करून बसते.

पायरी ६: जोडणी, नावं आणि जागा

बरीच छोटी उपकरणं २.४ गिगाहर्ट्झच्याच वाय-फायला जोडता येतात, ५ च्या नाही. जोडणी होत नसेल तर आधी राउटरमध्ये हे बघा.

नावं ठेवताना घरात जे म्हणतात तेच ठेवा. "दिवा एक, दिवा दोन" कुणाच्या लक्षात राहत नाही. आजी ज्याला "खिडकीचा दिवा" म्हणते, त्याचं नाव तेच. दोन नावं सारखी ऐकू येऊ देऊ नका. तुम्ही घरात बोलता ती भाषा स्पीकरला येत नसेल, तर त्याला समजेल आणि घरच्यांच्या जिभेवर सहज बसेल असा एकेकच शब्द निवडा. लांब वाक्यं पाठ करायला लावली की म्हातारी माणसं आणि मुलं दोघंही कंटाळतात.

स्पीकर टीव्हीजवळ, चिमणीच्या पंख्याजवळ किंवा वाहत्या नळाशेजारी ठेवू नका. खिडकीतून दिसेल असाही नको: २०१९ साली मिशिगन आणि टोकियोच्या संशोधकांनी लांबून लेझरचा किरण मायक्रोफोनवर पाडून स्पीकरला न बोलता आज्ञा देऊन दाखवल्या होत्या. असं कुणी तुमच्या घरी करेल ही शक्यता फारच कमी, पण स्पीकर दोन फूट आत सरकवायला काही खर्च नाही.

पायरी ७: कान आणि कुलपं

२०१९ मध्ये उघड झालं की ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल या तिन्ही कंपन्यांसाठी काही माणसं ग्राहकांच्या बोलण्याचे नमुने ऐकत होती. २०२३ मध्ये मुलांच्या आवाजाच्या नोंदी गरजेपेक्षा जास्त काळ ठेवल्याच्या प्रकरणात ॲमेझॉनने अमेरिकेत अडीच कोटी डॉलरचा दंड मान्य केला. मार्च २०२५ पासून तर तिच्या काही एको स्पीकरवर असलेला, आवाज सर्व्हरकडे न पाठवण्याचा पर्यायही काढून टाकला गेला. म्हणून पहिल्याच दिवशी ॲपमध्ये जाऊन आवाजाच्या नोंदी आपोआप पुसल्या जातील अशी व्यवस्था करा आणि "सुधारणेसाठी वापरा" ही संमती काढून घ्या. आवाजाने खरेदी बंद करा. झोपायच्या खोलीत किंवा डॉक्टरांशी, वकिलाशी बोलताना म्यूटचं बटण वापरा.

दाराचं कुलूप आवाजाने लावायला ठीक आहे. उघडायची सोय बंदच ठेवा, कारण बोलून सांगितलेला पिन बाहेर उभ्या असलेल्यालाही ऐकू येतो.

प्रत्येक उपकरणाचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामच्या हल्ल्यात असेच न बदललेले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले गेले, आणि त्यांच्या जोरावर मोठमोठी संकेतस्थळं बंद पाडली गेली. राउटरवर पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क असेल तर इंटरनेटवरूनच चालणारी उपकरणं त्यावर टाका. घरातल्या घरात आज्ञा घेणारी मात्र स्पीकरच्याच नेटवर्कवर ठेवावी लागतात.

पायरी ८: कंपनी उठून गेली तर?

एप्रिल २०२२ मध्ये स्मार्ट घरगुती उपकरणं बनवणाऱ्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले आणि ग्राहकांना ते आधी कळवलंही गेलं नाही. २०१६ साली रिव्हॉल्व्ह नावाचा हब, म्हणजे घरातली उपकरणं एकत्र जोडणारी डबी, त्याच्या मालकीच्या कंपनीनेच बंद केला, आणि चांगल्या चालणाऱ्या डब्या निकामी झाल्या. त्यामुळे प्रत्येक वस्तूबद्दल खात्री करा: ॲप आणि सर्व्हर नसले तरी ती हाताने चालते का? स्मार्ट स्विच चालतो, कारण बटण आहेच. फक्त ॲपवर चालणारी, स्वतःचं एकही बटण नसलेली वस्तू घरात आणू नका.

पायरी ९: एकच खोली, एक महिना

सगळं घर एकदम करू नका. वहीत ज्या खोलीच्या नोंदी सर्वांत जास्त, तिथे एक स्पीकर आणि एक किंवा दोन उपकरणं लावा. महिन्याने ॲपमध्ये आवाजाचा इतिहास उघडा. नोंदी आपोआप पुसायला लावल्या असतील तर दर आठवड्याला बघून आकडे वहीत उतरवा. कोणत्या आज्ञा किती वेळा दिल्या, किती वेळा "समजलं नाही" असं उत्तर आलं आणि घरातल्या कुणाचा आवाज त्यात अजिबातच नाही, हे तिथे दिसतं. या शेवटच्या माणसाशी जाऊन बोला. बाबांसारखं तेही गप्प बसले असतील.

विजेचाही हिशेब करा. नुसता ऐकत बसलेला स्पीकर २ वॅट घेत असेल तर वर्षाला साडेसतरा युनिट होतात. रोज कामाला येणाऱ्या वस्तूला हे काहीच नाही, पण कपाटावर धूळ खात पडलेल्या स्पीकरची पिन काढून ठेवलेली बरी.

नको झालेली वस्तू कुणाला देणार असाल तर आधी ॲपमधून ती खात्यावरून काढा, आवाजाच्या नोंदी पुसा आणि मग वस्तूवरचं रीसेटचं बटण पुस्तिकेत दिलेल्या वेळेइतकं दाबून ठेवा. कुलूप, कॅमेरा किंवा स्पीकर असेल तर हे तिन्ही केल्यावर ती आपल्या फोनवर दिसत नाही ना, हे एकदा बघूनच हातावेगळी करा.